उमेदवार मुलांचे पालक संत जॉन बॉस्को

संत जॉन बॉस्को ह्यांचे नाव ठाऊक नाही असे कॅथोलिक घर आपल्या भागात क्वचितच सापडेल. नवव्या वर्षी त्यांना पडलेले स्वप्न, मुलांस जमविण्यासाठी दोरीवर चालून दाखविण्याचे त्यांचे कसब, आडरात्री त्यांस सोबत करणारा करड्या रंगाचा कुत्रा ह्या गोष्टी दोतोर्नीच्या वर्गात मुले मोठ्या आवडीने ऐकतात, आणि आम्हीही त्या पुष्कळदा सांगितल्या आहेत. परंतु ज्युबिलीच्या ह्या पुस्तिकेसाठी त्यांचे चरित्र लिहावयास घेताना त्या सर्व गोष्टी क्षणभर बाजूस ठेवून आम्ही वाचकांचे लक्ष एका कागदाकडे वेधू इच्छितो. तो कागद म्हणजे १८५२ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या ८ तारखेस तुरिन शहरात लिहिला गेलेला एक करारनामा होय. एक सुतार, एक पोर, त्या पोराचा बाप आणि एक धर्मगुरू अशा चौघांचा त्याच्याशी संबंध आहे. कागद चाळीस सेंतेसिमी किंमतीच्या मुद्रेचा, म्हणजे कायद्याने बांधणारा. आमच्या मते ह्या संताची थोरवी जितकी त्या कागदात दिसते तितकी त्या कुत्र्याच्या गोष्टीत दिसत नाही. असो. तेथवर येण्यापूर्वी त्यांचा पूर्ववृत्तान्त सांगणे अवश्य आहे.

जॉन बॉस्को ह्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील पीडमाँट प्रांतात, कास्तेल्नुओवो गावाच्या बेक्की नामक वाडीवर झाला. बाप फ्रांचेस्को हा शेतकरी. मूल दोन वर्षांचेही झाले नव्हते तोच १८१७ साली तो निवर्तला. घरात आई मार्गरीता, म्हातारी सासू, सावत्र मुलगा आंतोनियो आणि पोटचे दोन मुलगे, ज्युसेप्पे व जॉन. धाकट्यास शिकण्याची हौस, तर थोरल्यास त्याचे पुस्तक डोळ्यांसमोर नको. शेवटी घरात शांतता राहावी म्हणून मार्गरीताबाईंनी काळजावर दगड ठेवून बारा वर्षांच्या आतबाहेरच्या ह्या पोरास दुसऱ्याच्या शेतावर चाकरीस धाडिले. मोल्या नावाच्या कुटुंबाकडे त्याने सुमारे दोन वर्षे गुरे राखिली व शेतकाम केले. पुढे एका वृद्ध धर्मगुरूंनी त्यास लॅटिन शिकविण्यास आरंभ केला. तेही १८३० साली वारले आणि मुलगा पुन्हा उघडा पडला.

यानंतरची दोनचार वर्षे आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहेत. कास्तेल्नुओवो येथे शाळेसाठी राहताना तो एका शिंप्याच्या घरी उतरला होता. तेथे त्याने काजे करणे, शिवण घालणे व पुढे कापड बेतणेही शिकून घेतले. त्याचा हात इतका चांगला बसला की शिंप्याने त्यास चांगल्या वेतनावर ठेवून घेण्याची तयारी दाखविली. जवळच्या लोहाराच्या भट्टीवर त्याने घणही मारून पाहिला. १८३१ साली तो किएरी गावच्या शाळेत गेला, तेव्हा खाण्यापिण्याचा खर्च भागविण्यासाठी एका कॉफीगृहात राहून गिऱ्हाइकांची सरबराई करी, मिठाई व पेये तयार करी आणि जिन्याखालच्या अरुंद जागेत निजे. सुतारकीही त्याने तेथेच शिकून घेतली. पुढे ज्या धर्मगुरूने शेकडो मुलांस धंद्याला लाविले त्याचे हात अशा रीतीने आधी स्वतः राबलेले होते. सेमिनरीत शिकविली जाणारी विद्या आम्हीही शिकलो आहो व तिचे मोल आम्हांस ठाऊक आहे. परंतु शिंप्याच्या ओट्यावर जे कळते ते तत्त्वज्ञानाच्या वर्गात कळत नाही हे मान्य करावयास कमीपणा वाटू नये.

१८३५ साली ते किएरीच्या सेमिनरीत गेले आणि ५ जून १८४१ रोजी तुरिन येथे त्यांस गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर त्यांनी फादर जोसेफ काफास्सो ह्यांच्या हाताखाली तीन वर्षे अधिक अध्ययन केले. हे काफास्सो महाशय, जे पुढे स्वतः संत म्हणून घोषित झाले, कैद्यांची सेवा करीत असत आणि नव्या धर्मगुरूंस तुरुंगात नेऊन तेथील स्थिती दाखवीत. बॉस्को तेथे गेले तेव्हा धट्टीकट्टी, बुद्धीने तल्लख अशी कोवळी पोरे उवांनी खाल्लेल्या स्थितीत गजांआड बसलेली त्यांनी पाहिली. अधिक दुःख त्यांस ह्या गोष्टीचे झाले की, चांगले वागण्याचा निश्चय करून सुटलेला मुलगा थोड्याच दिवसांत पुन्हा आत दिसे. ह्याचे कारण त्यांनी शोधिले. बाहेर त्या मुलास ओळखणारे, काम देणारे किंवा त्याच्यासाठी शब्द टाकणारे कोणीच नव्हते, हेच ते कारण होय.

त्या काळचे तुरिन वाढत होते. नव्या इमारती उठत होत्या, आणि बिएल्ला, वाल्सेझिया व लोंबार्दी ह्या भागांतून गवंड्यांच्या हाताखाली काम करावयास पोरांचे थवे शहरात येत. चुन्याची घमेली घेऊन परांचीवर चढावे, रात्री मिळेल त्या आडोशास निजावे, मुकादम देईल ते घ्यावे. पूर्वी कारागिरांचे संघ असत. त्यांत कितीही दोष असले तरी उमेदवाराने काय शिकावे व उस्तादाने त्यास कसे वागवावे ह्याची काही चाल होती. १८४४ साली राजाज्ञेने हे संघ मोडण्यात आले आणि पोर व मालक ह्यांच्यामध्ये कोणीच उरला नाही.

अशा एका पोराशी गाठ पडली ती ८ डिसेंबर १८४१ रोजी, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशी. ही हकीकत बॉस्को ह्यांनी स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेविली आहे. असिसीकर संत फ्रान्सिस ह्यांच्या चर्चमधील सांक्रिस्तीत ते मिस्सासाठी वस्त्रे परिधान करीत असता तेथील सेवकाने कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका मुलास मिस्साला सेवा करण्यास सांगितले, आणि त्यास ती येत नाही असे कळताच मारून हाकलून दिले. फादरांनी तो मुलगा आपला स्नेही असल्याचे सांगून त्यास परत बोलाविले. त्याचे नाव बार्तोलोमेओ गारेल्ली, वय सोळा, गाव आस्ती, धंदा गवंडीकाम, आईबाप नाहीत. लिहिणे, वाचणे, गाणे ह्यांपैकी काहीच त्यास येत नव्हते. मग शीळ घालता येते काय असे विचारताच मुलगा हसला. त्याच ठिकाणी एक नमो मारिया म्हणून दोघांनी दोतोर्नीचा पहिला धडा घेतला. पुढच्या रविवारी तो आणखी मुलांस घेऊन आला. येथून ओरातोरीचा, म्हणजे रविवारी व सणांच्या दिवशी प्रार्थना, धर्मशिक्षण आणि खेळ ह्यांसाठी जमणाऱ्या मुलांच्या मेळ्याचा, आरंभ झाला.

रविवारी मुले जमविणारे इतरही होते. बॉस्को ह्यांचे वैशिष्ट्य हे की ते सोमवारीही मुलांस विसरले नाहीत. आठवड्यात ते इमारतींच्या बांधकामावर व दुकानांत जाऊन मुलांस भेटत, मालकाची चौकशी करीत, आणि ज्यास काम नाही त्याच्यासाठी दारोदार हिंडत. आपल्या पोराकडे एक धर्मगुरू येऊन पाहून जातो हे समजल्यावर मालकाचा हातही थोडा आखडे.

मेळा वाढला तशी जागेची अडचण झाली. शेजारी गोंगाटास कंटाळत. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी असे करीत ही मंडळी काही काळ उघड्या शेतातही जमली. नगराचे अधिकारी मार्क्वीस कावूर ह्यांस ह्या टोळीत बंडाचा वास येत असे. काही सज्जनांनी तर फादरांचे डोके फिरले असा समज करून घेतला होता. अखेरीस १८४६ सालच्या ईस्टरच्या दिवशी, १२ एप्रिल रोजी, वाल्दोक्को भागात पिनार्दी नावाच्या गृहस्थाची एक पडवी मिळाली. छप्पर इतके ठेंगणे की उंची येण्यासाठी जमीन खणावी लागली. त्याच उन्हाळ्यात अतिश्रमाने फादर मरणाच्या दारी पोहोचले. उन्हात परांचीवर राबणाऱ्या पोरांनी त्यांच्यासाठी उपास केले. दुखण्यातून उठल्यावर ३ नोव्हेंबर रोजी ते परतले ते आपल्या आईस बरोबर घेऊन. मार्गरीताबाई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. आपले घर, शेत व नातवंडे सोडून त्या एक टोपली हाती घेऊन पायी शहरात आल्या आणि पुढील दहा वर्षे ह्या परक्या मुलांची आई झाल्या.

१८४७ साली, वळवाच्या पावसात भिजलेला वाल्सेझियाकडील एक पोरका गवंडीपोर दारी आला. त्यापूर्वी आश्रय दिलेल्या पोरांनी पांघरुणेच लांबविली होती. तरीही मार्गरीताबाईंनी स्वयंपाकघरात विटांवर फळ्या टाकून त्याचे अंथरूण केले. तो पहिला निवासी. मग दुसरा आला, तिसरा आला. त्यांच्यासाठी बाईंनी आपल्या लग्नातील वस्त्रे व दागिना मोडला. पुढे एकदा मुलांनी खेळता खेळता त्यांचा भाजीचा वाफा तुडविला तेव्हा त्यांचा धीर सुटला व त्या गावी परत जावयास निघाल्या. मुलाने काही न बोलता भिंतीवरील क्रूसाकडे पाहिले. बाईंचे डोळे भरून आले आणि त्या पुन्हा कामास लागल्या.

आता एक प्रश्न वाचकांच्या मनात येईल. एवढ्या मुलांस शिकवावयास माणसे कोठून आली? पैसे देऊन शिक्षक ठेवण्याची ऐपत नव्हती. फादर बोरेल ह्यांच्यासारखे काही धर्मगुरू मदतीस होते, परंतु ते पुरणार किती? म्हणून बॉस्को ह्यांनी एक युक्ती योजिली. आठदहा हुशार मुले निवडून त्यांस ते फुकट इटालियन, लॅटिन, फ्रेंच व गणित शिकवू लागले. फी एकच, की त्यांनी रात्रीच्या वर्गात व रविवारी इतरांस शिकवावे. दिवसभर विटा वाहून आलेली मुले रात्री दिव्याच्या उजेडात अक्षरे गिरवीत. पीडमाँटमध्ये १ जानेवारी १८५० पासून दशमान वजने व मापे सक्तीची होणार होती. मापाचा हिशेब न कळणारा गवंडी वा सुतार फसविला जाणार हे ओळखून फादरांनी १८४९ साली ह्या पद्धतीवर साध्या भाषेत एक पुस्तक छापून काढिले. धर्मगुरूने मीटर आणि लीटर ह्यांवर पुस्तक लिहावे ह्याचे कोणास हसू येईल. आम्हांस मात्र ते त्यांच्या भक्तिपर पुस्तकांच्या रांगेतच ठेवावेसे वाटते.

मुलांच्या जोडीस शहरातील मोठी माणसेही आली. बँकवाले कोत्ता गृहस्थ द्रव्य देत. काउंट कायस दोतोर्न शिकवीत, व ते पुढे उतारवयात सालेशियन धर्मगुरूच झाले. सरदार घराण्यांतील स्त्रिया मार्गरीताबाईंच्या शेजारी बसून मुलांचे फाटके सदरे शिवीत. त्यांत गास्ताल्दीबाई होत्या. त्यांचे चिरंजीव पुढे तुरिनचे आर्चबिशप झाले आणि त्यांचे व बॉस्को ह्यांचे वर्षानुवर्षे पटले नाही! परमेश्वराच्या कामात असेही चालते.

आपल्या धर्मग्रामात कारखान्यांतून व कचेऱ्यांतून निवृत्त झालेले कुशल लोक थोडे नाहीत. बारावी झालेला मुलगा अर्ज कसा लिहावा, कोणास भेटावे, पगाराची बोलणी कशी करावी हे न कळून घरी बसलेला असतो, आणि त्याच गल्लीत तीस वर्षे त्याच धंद्यात घालविलेले गृहस्थ संध्याकाळी ओसरीवर बसलेले असतात. दोघांची गाठ कोणी घालीत नाही. हे लिहिण्याचे कारण इतकेच की वाल्दोक्कोमध्ये ती गाठ रोज संध्याकाळी पडत असे.

आता त्या कागदाकडे वळू. पहिला ज्ञात करार नोव्हेंबर १८५१ मधील, साध्या कागदावरचा. कार्लो आयमिनो नामक काच कारागिराने ज्युसेप्पे बोर्दोने ह्या मुलास तीन वर्षांत आपला धंदा शिकवावा असा तो होता. दुसरा आम्ही आरंभी सांगितलेला. त्यात ज्युसेप्पे बेर्तोलिनो ह्या सुताराने ज्युसेप्पे ओदास्सो ह्यास दोन वर्षांत सुतारकी शिकविण्याचे कबूल केले. मुलाचा बाप विंचेंझो जामीन राहिला. कलमे वाचण्यासारखी आहेत. मालकाने मुलाच्या चुका शब्दांनीच सुधाराव्या, अन्य मार्गाने नव्हे. म्हणजे हात उगारू नये. त्यास सुतारकीच्याच कामास लावावे, आणि तेही वय व शक्ती पाहून. घरची धुणीभांडी, निरोप पोहोचविणे ही कामे सांगू नयेत. सणावारी व रविवारी त्यास पूर्ण मोकळे सोडावे. मजुरी ठराविक काळाने वाढवीत जावी. महिनाअखेर त्याच्या वर्तनाची नोंद करून द्यावी. बोर्दोनेच्या करारात तर वर्षाकाठी पंधरा दिवसांची सुट्टीही घातली आहे. उलट मुलाने मन लावून, नम्रपणे व आज्ञेत राहून काम करावे. पंधरा दिवसांहून अधिक गैरहजर राहिल्यास ते दिवस शेवटी भरून द्यावे. नुकसानीची जबाबदारी बापाची. आणि ओरातोरीचा संचालक ह्या नात्याने फादर बॉस्को मुलाच्या सद्वर्तनावर लक्ष ठेवतील.

ह्यात मालकाचेही हित पाहिले आहे हे ध्यानात घ्यावे. बॉस्को मालकांस शत्रू मानीत नव्हते. मुलगा चुकार निघाला तर मालकाचे नुकसान होते हे त्यांस पक्के ठाऊक होते, आणि म्हणून मुलास वळण लावण्याचा अर्धा भार त्यांनी स्वतःवर घेतला. परंतु ज्या काळी उमेदवारास चामड्याच्या पट्ट्याने मारणे ही नित्याची चाल होती त्या काळी हे कलम लेखी घालून त्यावर मालकाची सही घेणे हे धाडसाचे काम होते. दया पुष्कळांनी केली. दयेला मुद्रेचा कागद लावणारे थोडे.

ह्याच सुमारास, १८५० साली, त्यांनी ओरातोरीतील मुलांचे एक परस्पर साहाय्यक मंडळ उभारिले. सभासदाने दर रविवारी एक सोल्दो द्यावा. सहा महिने वर्गणी भरलेला सभासद आजारी पडला अथवा त्याचे काम सुटले तर त्यास दररोज पन्नास सेंतेसिमी मिळावे. म्हणजे दर रविवारचे पाच सेंतेसिमी, आणि अडचणीच्या दिवशी त्याच्या दसपट. मुलांनी मुलांसाठी चालविलेली ही पेढी होती.

तथापि शहरातील दुकानांत कानी पडणारी शिवीगाळ व दिसणारी वाईट उदाहरणे करारनाम्याने थांबत नव्हती. म्हणून १८५३ साली त्यांनी घरातच मोची व शिंपी ह्यांचे कारखाने उघडले. शिंपीकाम प्रथम फादर स्वतःच शिकवीत. कास्तेल्नुओवोच्या शिंप्याचे ऋण येथे फिटले. १८५४ साली पुस्तकबांधणी, १८५६ साली सुतारकी, १८६१ साल संपता संपता छापखाना, आणि पाठोपाठ लोहारकाम सुरू झाले. छापखान्याचा त्यांस विशेष अभिमान होता. तेथे खिळे जुळविणाऱ्या मुलांच्या हातून ख्रिस्ती साहित्य घरोघर गेले. मार्गरीताबाई हे सर्व पाहावयास राहिल्या नाहीत. २५ नोव्हेंबर १८५६ रोजी त्यांनी देह ठेविला.

ह्या कामात बॉस्को एकटे नव्हते हेही सांगितले पाहिजे. त्याच शहरात फादर कोक्की ह्यांनी त्यांच्याही आधी ओरातोरी काढिली होती, आणि कोक्की ह्यांनी १८४९ साली स्थापिलेली कारागीर मुलांची संस्था पुढे १८६६ पासून संत लिओनार्दो मुरियाल्दो ह्यांनी चालविली. एका संताची स्तुती करताना शेजारच्या दिव्यावर फुंकर मारण्याची आम्हां चरित्रकारांस सवय असते. ती बरी नव्हे.

१८ डिसेंबर १८५९ रोजी सालेशियन संघाची स्थापना झाली. त्यात धर्मगुरूंच्या बरोबरीने गुरुदीक्षा न घेतलेले बंधू होते, आणि कारखान्यांतील उस्ताद बहुधा हेच. १८७६ साली घरप्रपंच करीत ह्या कामास हातभार लावणाऱ्या स्त्रीपुरुषांचा सहकारी संघ पोप महाराजांनी मान्य केला. १८८६ साली संघाच्या महासभेने असे ठरविले की कारागीर मुलाचे शिक्षण तीन अंगांचे असावे: धर्म व नीती, बुद्धी आणि धंदा. केवळ हातास काम देऊन त्यांचे समाधान होत नव्हते.

ओरातोरीच्या पहिल्याच दिवसांत लोंबार्दीतील कारोन्नो गावाहून आलेले बुझेत्ती नावाचे भाऊ गवंड्यांच्या हाताखाली राबत होते. त्यांपैकी ज्युसेप्पे हा फादरांपाशीच राहिला आणि वाद्यवृंदापासून कोठीपर्यंत लागेल ते काम त्याने आयुष्यभर केले. दुसरा, कार्लो, आपल्या धंद्यात वर चढत बांधकामाचा कंत्राटदार झाला. १८६४ साली ख्रिस्ती लोकांची साहाय्यकारिणी मरिया हिच्या नावाने वाल्दोक्को येथे मोठे मंदिर बांधावयाचे ठरले, तेव्हा ते काम ह्याच कार्लोस देण्यात आले. पायाचा पहिला दगड बसल्यावर पहिला हप्ता देण्यासाठी फादरांनी आपली पिशवी त्याच्या ओंजळीत उलटी केली. आत आठ सोल्दी निघाले. बाकीचे मरिया माता देईल असे सांगून ते निघून गेले. ९ जून १८६८ रोजी मंदिराचे अभिषेचन झाले, आणि कार्लोचा हिशेब चुकता करण्यात आला.

संत जॉन बॉस्को ३१ जानेवारी १८८८ रोजी प्रभुचरणी विलीन झाले. १ एप्रिल १९३४ रोजी, ईस्टरच्या दिवशी, पोप पायस अकरावे ह्यांनी त्यांस संतपद बहाल केले. तरुण धर्मगुरू असताना ह्याच पोप महाराजांनी १८८३ साली वाल्दोक्कोस पाहुणे म्हणून राहून तेथील कारखाने डोळ्यांनी पाहिले होते. १९५८ साली त्यांस इटलीतील उमेदवार मुलांचे पालकसंत म्हणून घोषित करण्यात आले. आपल्या देशात त्यांचे पुत्र प्रथम आले ते १९०६ साली, व्यंकोजी राजांच्या तंजावरास; मुंबईस ते १९२८ साली पोहोचले. माटुंगा, कुर्ला व बोरिवली येथील त्यांच्या संस्था आपल्या लोकांच्या परिचयाच्या आहेतच. ओदास्सो व बोर्दोने ह्या दोन मुलांचे करारनामे सालेशियन संघाच्या दप्तरात अद्याप जपून ठेविलेले आहेत.